पॅकिंग बदलण्याआधी : जुन्या मोटरसायकलची तेलगळती

मंडळी, जुन्या इंजिनाखाली सकाळी तेलाचा डाग दिसला की बहुतेकांचा हात आधी पान्याकडे जातो. स्क्रू थोडे अजून आवळायचे. तेवढ्याने भागलं नाही की सिलिकॉनची ट्यूब आणायची आणि सांध्यावर बाहेरून लिंपायची. लिंपण्याने फार तर फायदा होत नाही. आवळण्याने मात्र नुकसान होतं, ते कसं ते पुढे येईलच. पॅकिंगवर, म्हणजे सांध्याच्या दोन तोंडांमध्ये बसणाऱ्या पातळ थरावर, संशय घ्यायचा तो सगळ्यात शेवटी. तेल कोणतं, ते किती भरलंय, त्यामागे हवेचा दाब किती आणि सांध्याची तोंडं सपाट आहेत का, एवढं बघून झाल्यावर.

तेल कोणतं, हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. जुन्या ब्रिटिश घडणीच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि प्रायमरी चेनकेस (इंजिनापासून क्लचकडे जाणाऱ्या चेनचं घर) यांचं तेल वेगवेगळं असतं. डाग बोटावर घ्या आणि हुंगा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो. इंजिनचं तेल वापरून काळवंडलेलं असतं. पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटर ओसंडतोय. आणि मागच्या चेनला सढळ हाताने लावलेलं वंगण पुढच्या स्प्रॉकेटवरून ओघळून क्रँककेसखाली (इंजिनाच्या खालच्या घराखाली) थेंब धरतं, त्यापायी चांगली इंजिनं उघडली जातात.

मग जागा शोधायची. रॉकेल आणि ब्रश घेऊन इंजिन घासा, साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या. संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा आणि गाडी स्टँडवर दहा मिनिटं चालवा. कोरड्या पावडरवर ओली रेघ उमटते ती लगेच दिसते. त्यानंतर थोडं रस्त्यावर फिरवून पुन्हा बघा. वाऱ्याने तेल मागे जातं आणि सिलिंडरवरच्या थंडाव्याच्या पात्यांमधल्या खाचांतून वरही चढतं. म्हणून खाली थेंब कुठे लोंबतोय याला महत्त्व नाही. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा धरायची.

आता तेल किती. ड्राय संप इंजिनात तेल टाकीत असतं, पंप ते इंजिनात देतो आणि तळाशी जमलेलं परत टाकीत नेतो. पंप झिजला की गाडी उभी असताना टाकीतलं तेल त्याच्यातून हळूहळू क्रँककेसमध्ये झिरपतं. याला वेट संपिंग म्हणतात. काही आठवड्यांनी टाकीची काडी पातळी कमी दाखवते, मालक वरून तेल ओततो, किक मारतो. पंप तळातलं तेल टाकीत परत आणतो आणि जादाचं तेल ब्रीदरमधून, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, बाहेर येतं. मध्यंतरी क्रँक त्या तेलात बुडून फिरते आणि प्रत्येक सांध्यावर ते फेकते. तेव्हा पातळी बघायची ती गाडी चालवून थांबवल्यावर लगेच. फार दिवस उभी असेल तर आधी क्रँककेसचा ड्रेन प्लग काढून तळातलं तेल मोजपात्रात घ्या आणि टाकीत परत ओता.

यावर उपाय म्हणून तेलाच्या नळीत तोटी किंवा झडप बसवतात. माझं मत विचाराल तर ते टाळा. तोटी उघडायची एकदा विसरली की काही मिनिटांत बेअरिंगं जातात. त्यापेक्षा पंप काढावा. गिअर पंप असेल तर गिअर आणि झाकण यांमधली मोकळीक काढायला त्याच्या बॉडीचं तोंड काचेवर हलकं घासावं. ट्रायम्फसारखा प्लंजर पंप असेल तर त्यातल्या गोळ्या आणि त्यांच्या बैठका साफ करून त्या नीट टेकतात का ते बघावं.

दाबाचा मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांचं दुर्लक्ष तिथेच होतं. पिस्टन खाली येतो तेव्हा खालची हवा दाबली जाते. ६५० सीसीच्या ज्या ट्विनमध्ये (दोन सिलिंडरच्या इंजिनात) दोन्ही पिस्टन एकदम वर-खाली होतात, तिथे दर फेऱ्याला क्रँककेसचं आतलं आकारमान ६५० सीसीने कमी-जास्त होतं. ४००० आरपीएमला हे सेकंदाला सुमारे ६७ वेळा घडतं. इंजिन म्हणजे मग भाताच झाला. ब्रीदर मोकळा असेल तर हवा तिथून जाते, नाहीतर ती जिथे वाट मिळेल तिथून तेल घेऊन निघते. त्यामुळे ब्रीदरची नळी काढून आत गाळ, मुंगळा-माशीचं घर, पिळवटलेलं रबर काही आहे का ते आधी बघा. नळीत एकेरी झडप बसवली की हवा बाहेर जाते, आत येत नाही. आत किंचित निर्वात राहतो आणि बऱ्याच गळत्या आपोआप थांबतात. झडप इंजिनाच्या जितकी जवळ तितकी परिणामकारक. पण ब्रीदरमधून निळसर धूर भकाभका येत असेल तर रिंगा किंवा सिलिंडर गेलेत. तिथे जगातलं कुठलंही पॅकिंग टिकणार नाही.

एवढं सगळं ठीक असूनही गळतंय, तेव्हाच सांधा उघडायचा. उघडताना फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. त्याचा एक ओरखडा म्हणजे तेलाला कायमची पन्हळ. लाकडी ठोकळा किंवा प्लास्टिकची हातोडी वापरा. जुनं पॅकिंग पितळी पट्टीने खरवडा.

आता ज्याला मी खरं काम म्हणतो ते. जाड काच घ्या, तिच्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा, थोडं रॉकेल शिंपडा. झाकणाच्या तोंडावर मार्करने आडव्या-तिडव्या रेघा मारा आणि झाकण आठाच्या आकड्यासारखं हलकेच फिरवा, जोर न देता. दहा-बारा फेऱ्यांनंतर उलटून बघा. बहुतेक वेळा स्क्रूच्या भोकांभोवती चकचकीत वर्तुळं दिसतात आणि दोन भोकांमध्ये शाई तशीच राहते. वर्षानुवर्षं जादा आवळल्याने भोकाजवळचं ॲल्युमिनियम उचललं गेलेलं असतं आणि मधला भाग काचेला न टेकता कमानीसारखा राहतो. आता कळेल की अजून आवळलं तर ही कमान वाढणारच. सगळीकडची शाई जाईपर्यंत घासा. क्रँककेस काचेवर ठेवता येत नाही. तिथे आट्यांच्या तोंडाशी मोठ्या ड्रिलबिटने हाताने फिरवून हलका उतार द्या आणि सपाट पट्टी ठेवून ०.०५ मिमीचा फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) खाली शिरतो का बघा. घासलेली भुकटी तेलाच्या भोकात राहिली तर पुढचं दुरुस्तीचं काम फार महागात पडतं, तेव्हा धुणं काळजीपूर्वक.

क्रँककेसचे दोन अर्धे जोडल्यावर सिलिंडर बसतो त्या तोंडावर नख फिरवा. दोन अर्ध्यांमध्ये पायरी लागली तर बेस पॅकिंग तिथेच गळणार. मधल्या सांध्याचं पॅकिंग तिथे वर आलेलं असेल तर धारदार ब्लेडने तोंडासरशी कापा आणि त्या तिठ्यावर सीलंटचा टिपका ठेवा. उभ्या सांध्याच्या इंजिनांची ही जन्मजात अडचण आहे. १९६९ च्या होंडा सीबी ७५० मध्ये सांधा आडवा होता, तळातून उभा सांधा जात नव्हता. गळती कमी असण्याचं ते एक मोठं कारण.

पॅकिंग कागदाचं घरी कापायचं असेल तर तोंडाला शाई लावून छाप घ्या. कास्टिंगच्या कडेवर हातोडीने ठोकून कागद कापायची जुनी रीत आहे, पण तिने कड चेपते. तेलाची सगळी भोकं पाडली का ते दोनदा मोजा. एक बुजलं तर वर तेलच पोचत नाही. सीलंट न वाळणारं, पातळ फासलेलं असावं. सिलिकॉन वापरायचंच तर अगदी झिरझिरीत, कारण बाहेर जेवढं ओघळतं तेवढंच आतही ओघळतं, तुकडा सुटतो आणि पंपाच्या गोळीखाली अडकतो.

६ मिमीच्या स्क्रूला ॲल्युमिनियममध्ये ८ ते १० न्यूटन-मीटर पुष्कळ होतात. आधी सगळे बोटाने, मग समोरासमोरच्या जोड्यांनी दोन-तीन टप्प्यांत. जुन्या बुलेटचं प्रायमरी झाकण मधल्या एका नटावर आणि कडेच्या रबरावर बसतं. तिथे नट जास्त आवळला की मध्य आत ओढला जातो आणि कडा सुटतात. गळती थांबवायला तिथे नट थोडा सैल करावा लागतो, हे पुष्कळांना पटत नाही.

ट्रायम्फ ट्विनच्या पुशरॉड ट्यूबा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांच्या उभ्या नळ्या) वेगळा विषय आहे. त्यांची रबरं वरचं हेड (सिलिंडरचं झाकण) आणि खालचा टॅपेट ब्लॉक यांच्यात दाबली जातात. हेड पॅकिंग आणि नवी रबरं ठेवून हेड नुसतं वर टेकवा, न आवळता. हेड आणि पॅकिंगमध्ये ०.७५ ते १ मिमी फट राहिली पाहिजे. कमी असेल तर रबर दाबलं जात नाही, तेल येतं. जास्त असेल तर हेड पॅकिंगवर नीट बसत नाही आणि पॅकिंग फुंकलं जातं. तांब्याचं हेड पॅकिंग पुन्हा वापरायचं असेल तर मंद लाल होईतो तापवून पाण्यात बुडवा. ते मऊ होतं. वरची काजळी पॉलिश पेपरने काढा. रॉकर शाफ्टचा (हेडमधल्या व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या दांड्याचा) ओ-रिंग भोकाच्या धारेवर कापला जातो आणि बसवणाऱ्याला कळतही नाही. धार पॉलिश पेपरने मोडा, रिंगेला तेल लावा आणि पातळ पत्र्याच्या पट्टीने दाबून आत सरकवा.

ऑइल सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती बसणारी रबरी कडी, बसवताना तिची स्प्रिंग तेलाच्या बाजूला. शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर नवं सीलही गळेल. सील बसतं त्या खोबणीत जागा असेल आणि मागचं तेलाचं भोक झाकलं जात नसेल तर सील १-२ मिमी मागेपुढे बसवा, म्हणजे सीलचा ओठ (शाफ्टला टेकणारी कड) कोऱ्या धातूवर चालेल. नाहीतर शाफ्टवर पातळ स्लीव्ह. शाफ्टवरची चावीची खाच किंवा स्प्लाइन (लांबट दाते) यांवरून सील सरकवताना वर टेप गुंडाळा आणि ओठाला ग्रीस लावा, नाहीतर पहिल्या फेऱ्यालाच ओठ फाटतो.

जोडणी झाली की तेल भरण्याआधी ब्रीदर बुजवून सायकलच्या पंपाने आत १ ते २ पीएसआय हवा भरा, सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे कुठे येतात ते दिसेल. जास्त हवा भरू नका, सीलच बाहेर येतील. मग पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, सहसा रात्रभर, आणि हेडचे नट एकेक करून पाव फेरा सैल करून पुन्हा ठरल्या टॉर्कला आवळा. हेड किंचित खाली बसल्याने टॅपेटची फट कमी झालेली असेल, ती त्याच वेळी लावून घ्या.