साखर पेठेतला मनी प्लांट

मे महिना, दुपारचे दोन. पारा ४३ च्या पुढे. सोलापूरच्या साखर पेठेतल्या या गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट तेवढा चालू आहे, बाकी दारं-खिडक्या बंद.

मावशींच्या घरात मात्र एक खिडकी वीतभर उघडी असते. त्यांच्यासाठी नाही, कपाटावरून खाली लोंबणाऱ्या मनी प्लांटसाठी.

या वेलीचं माहेर फार लांब, प्रशांत महासागरातलं मोरेआ बेट. दमट जंगलात ती खोडाला मुळांनी धरून वर चढते आणि चढेल तसं पान मोठं होतं, अगदी हातभर. खाली लोंबत सोडली की पानं लहान राहतात. त्यासाठी खत ओतून उपयोग नाही. मोठी पानं हवीत तर काथ्या गुंडाळलेली काठी रोवावी. मावशींना लहानच आवडतात.

आता हे पान जवळून बघा. हिरव्यावर पांढरे शिंतोडे, मधेच एक रुंद पट्टा. चादरीची नक्षी मागावरच्या जकार्ड यंत्राच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांवरून उतरते, म्हणून दहावी चादर पहिलीसारखीच निघते. इथे एका पानाची नक्षी दुसऱ्यावर नाही. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं. तो भाग स्वतःचं अन्न करत नाही, शेजारच्या हिरव्यावर जगतो. म्हणून अशी वेल सावकाश वाढते, आणि अंधारात कोंडली की नवी पानं जास्त हिरवी यायला लागतात. आपण मात्र उन्हाळाभर पडदे ओढून बसतो आणि मग नर्सरीवाल्याला नावं ठेवतो.

थेट ऊनही नको. सोलापूरचं ऊन पांढऱ्या चट्ट्याला आधी भाजतं, तपकिरी कागदासारखं करून टाकतं. पूर्वेची खिडकी, नाहीतर पातळ पडद्याआडचा उजेड उत्तम. एखादी फांदी पूर्ण हिरवी झालीच, तर शेवटच्या नक्षीदार पानापर्यंत छाटायची. कूलरची दमट हवा मानवते, झोत अंगावर नको.

आणि पाणी. या गावात नळ रोज येत नाही, पिंपं भरून ठेवावी लागतात. तरीही इथले मनी प्लांट तहानेनं कमी आणि पाण्यानं जास्त मरतात. मी स्वतः दोन घालवलेत. जास्त पाण्यानं मुळं कुजतात, कुजलेली मुळं पाणी वर चढवत नाहीत, पानं मलूल दिसतात, आणि आपण तहानली समजून आणखी एक तांब्या ओततो.

"बुडवून मारायलास की रे तिला!" मावशी मला म्हणाल्या होत्या.

माझी दुसरी चूक मातीची. शेतातली काळी माती आणून कुंडी भरली. मंगळवेढ्याची ज्वारी याच मातीवर पोसते, पाऊस गेल्यावरही ती ओल धरून ठेवते म्हणून. कुंडीत नेमका तोच गुण नडतो. मावशींच्या कुंडीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जाड वाळू, थोडं शेणखत, आणि तळाला भोकं. बोट दोन पेरं आत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी. तेही पिंपातलं शिळं, नळ यायच्या आदल्या दिवशी उरलेलं.

एक सांगायचं राहिलं. ही अळूच्या कुळातली. पानात तसेच सुईसारखे स्फटिक असतात, तोंडात गेलं की घसा खाजतो. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल, तर टोकं उंच बांधा.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर शेजारची सून दारात येते. हातात पाण्यानं भरलेली काचेची बाटली. तिला एक फांदी हवी आहे, पण मागायची कशी? मनी प्लांट चोरूनच आणावा, मागून नेलेला लागत नाही, असं सगळ्या पेठेला पक्कं ठाऊक आहे.

मावशी चष्मा काढून ठेवतात.

"मी आत चहा टाकते. पानाखाली मुळाची गाठ असते बघ, तिच्या खाली तोड. आणि पांढरंफटक पान असलेली घेऊ नकोस, जगायची नाही."