पावणेपाच फुटांची स्टूडबेकर

(दृश्य: गाडीच्या कडेने सावकाश सरकणारा कॅमेरा. लांब बॉनेट, उतरतं छप्पर, आखूड डिकी.)

ही गाडी १९५३ सालची आहे. हे ऐकून पुन्हा एकदा नीट बघा. त्या वर्षी अमेरिकेतल्या बहुतेक मोटारी उंच, फुगीर आणि क्रोमने मढलेल्या असत. क्रायस्लरचे प्रमुख के. टी. केलर यांचा तर आग्रहच होता की डोक्यावरची हॅट न काढता माणसाला गाडीत बसता आलं पाहिजे. आणि त्याच बाजारात ही उतरली: स्टूडबेकर कमांडर स्टारलाइनर. उंची जेमतेम पावणेपाच फूट. हॅट काढा, नाहीतर चालत जा!

स्टूडबेकर हे मूळचं घोडागाड्या बनवणारं घराणं. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावात १८५२ साली भावांनी लोहारकामाचं दुकान थाटलं. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याला त्यांनी गाड्या पुरवल्या. १९०२ साली पहिली मोटार काढली, तीही विजेवर चालणारी. दुसरं महायुद्ध संपल्यावर बड्या कंपन्या युद्धाआधीचेच साचे घासूनपुसून वापरत होत्या, तेव्हा या मध्यम कंपनीने १९४६ मध्येच पूर्ण नवी गाडी बाजारात आणली. तिच्यातल्या कूपेची, म्हणजे दोन दारांच्या मोटारीची, मागची काच इतकी रुंद आणि वळलेली होती की गाडी येतेय की जातेय, अशी थट्टा लोक करत.

(दृश्य: जुन्या जाहिराती, मग चिकणमातीच्या नमुन्याचे फोटो.)

या गाड्यांवर नाव लागलं डिझायनर रेमंड लोवी यांचं. मूळचे फ्रेंच. लकी स्ट्राइक सिगारेटच्या पाकिटापासून पेन्सिल्व्हेनिया रेल्वेच्या इंजिनांपर्यंत त्यांचा हात फिरलेला. १९४९ साली टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेला हा माणूस स्वतःचा गाजावाजा करण्यातही तितकाच वाकबगार. पण १९५३च्या कूपेची रेषा काढली ती प्रामुख्याने त्यांच्या साउथ बेंडमधल्या स्टुडिओतल्या रॉबर्ट बर्क यांनी. सगळं श्रेय लोवींना देणं चूकच. तरी एक गोष्ट त्यांच्या पदरात टाकायला हवी. मुळात प्रदर्शनापुरती म्हणून विचार झालेली ही गाडी कारखान्यात बनली, ती त्यांनी संचालकांच्या गळी उतरवली म्हणून.

आता जरा बाजूने बघू. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर दहा फुटांहून किंचित जास्त, कारण चॅसी, म्हणजे खालची पोलादी चौकट, घेतली होती कंपनीच्या सर्वांत लांब सेडानची, म्हणजे चार दारांच्या गाडीची. लांबी मोठ्या गाडीची आणि उंची स्पोर्ट्स कारची, सगळी किमया तिथे आहे. दारावरून खाली झुकत जाणारी ती एक घडी पाहा. एवढ्या मोठ्या पत्र्यावर दुसरी सजावट जवळजवळ नाही. समोर रुंद जाळीऐवजी खाली दोन अरुंद खाचा. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५३ साली निवडक दहा मोटारी मांडल्या, त्यांत पोर्शे आणि अ‍ॅस्टन मार्टिनच्या पंगतीला ही होती.

आणि इथूनच घोटाळा सुरू होतो.

साउथ बेंडच्या हिशेबाने लोक सेडानच घेणार होते आणि कूपे ही शोभेपुरती. गिऱ्हाइकं आली ती कूपे मागत. सेडानलाही हाच तोंडवळा दिला होता, पण साध्या सेडानच्या आखूड चॅसीवर तो बुटका दिसे. बरं, दोन्हींचे पत्रे इतके वेगळे की सेडानचे भाग कूपेला लावावेत, तर तीही सोय नाही. भर म्हणून कूपेची चॅसी लवचीक निघाली: इंजिन बसवलं की ती वाके आणि पुढची मडगार्डं जागेवर बसेनात. दारात मागणी आणि आत गाड्या अडकलेल्या. त्याच वर्षी फोर्ड आणि शेवरोलेची विक्रीची लढाई पेटली. त्या दोघांच्या सवलतींपुढे साउथ बेंडचा महागडा मजुरीखर्च टिकणं अवघडच होतं. १९५४ साली पॅकार्डने स्टूडबेकर ताब्यात घेतली. कूपेचा सांगाडा मात्र ‘हॉक’ या नावाने १९६४च्या मॉडेलपर्यंत चालत राहिला. साउथ बेंडचा कारखाना डिसेंबर १९६३ मध्येच बंद पडला होता.

(दृश्य: संग्राहकांचा मेळावा. रांगेत उभ्या कूपे.)

संग्राहक आधी दाराच्या मागे बघतात. काचांच्या मध्ये खांब असेल तर ती स्टारलाइट. नसेल तर स्टारलाइनर, आणि मान तिचाच जास्त. मग समोरून वर्ष ओळखायचं. १९५४ला खाचांमध्ये उभ्या पट्ट्या आल्या. १९५५ला विक्री खात्याच्या हट्टाने जाडजूड क्रोम आलं आणि चेहऱ्याची रया गेली. त्याच वर्षीची लिंबोळी-पिवळ्या दुरंगी रंगात मिळणारी स्पीडस्टर फक्त २,२१५ बनली, म्हणून तिच्यासाठी लोक वेडे होतात. दुर्मीळ आहे, मान्य. सुंदर आहे, हे मला पटलेलं नाही.

घेताना पुढची मडगार्डं आणि तळाचा पत्रा टोचून बघावा, गंज तिथेच खातो. सुट्या भागांची चिंता मात्र तुलनेने कमी. कारखाना बंद झाला तरी न वापरलेल्या भागांचे साठे पुढे अनेक वर्षं विकले जात राहिले, आणि १९६२ पासून मालकांचा क्लबही आहे. १२० अश्वशक्तीचं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन असलेली कमांडर सर्वांना हवी असते. ८५ अश्वशक्तीची सहा सिलिंडरवाली चॅम्पियन रेंगाळत चालते, पण अंगावरचा पत्रा तोच. नुसतं रूप हवं असेल तर तीच घ्यावी.

(दृश्य: यूटामधलं बॉनव्हिलचं मिठाचं मैदान.)

आणखी एक जमात हिच्या मागे लागलेली आहे, ती म्हणजे वेगाचे विक्रम करणारे. ठेंगणी, निमुळती, वाऱ्याला फारशी न अडवणारी, म्हणून बॉनव्हिलला ही कूपे वर्षानुवर्षं धावते आहे. गाडी मूळ रूपातच हवी म्हणणाऱ्या शुद्धतावाद्यांना ते दृश्य बघवत नाही. कारण ही विक्रमवाली मंडळी पत्रा तेवढा ठेवतात आणि खालची चॅसी नवी, ताठ बांधून घेतात.