मिटलेले पुस्तक आणि उघडी प्रश्नपत्रिका

श्रोतेहो, नमस्कार.

आज मला बोलायचे आहे ते सहावी, सातवी आणि आठवीत शिकणाऱ्या मुलामुलींशी, आणि ती अभ्यासाला बसली की घरातला आवाज कमी करणाऱ्या त्यांच्या आईवडिलांशीही. या तीन वर्षांत परीक्षेचे रूप बदलते. तोपर्यंत रिकाम्या जागा आणि जोड्या लावा यांवर बरेचसे निभावत असते. आता मात्र कारणे द्या, फरक स्पष्ट करा, आकृती काढून भागांना नावे द्या असे प्रश्न येतात, विषय वाढतात, आणि बैठक क्रमांक, पुरवणी, पर्यवेक्षकांची सही हे शब्द पहिल्यांदा गांभीर्याने कानावर पडतात. बहुतेक मुले तयारी एका बाजूला करतात आणि नियम मात्र परीक्षेच्या आदल्या दिवशी सूचनाफलकासमोर उभे राहून घाईघाईने वाचतात. मी बरीच वर्षे शिकवले, वर्गांवर पर्यवेक्षण केले, उत्तरपत्रिका तपासल्या, आणि माझे मत असे झाले आहे की तयारी आणि नियम या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. परीक्षेचा सर्वांत मोठा नियम एकच आहे: तेथे पुस्तक मिटलेले असेल. हा नियम ज्या मुलाने घरच्या अभ्यासालाही लावला, त्याची तयारी खरी होते, आणि त्याला परीक्षेतले बाकीचे नियम जाचक वाटत नाहीत.

घरचा अभ्यास बहुधा कसा चालतो, ते पाहा. मूल धडा वाचते, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारते, पुन्हा वाचते. तिसऱ्या वाचनाला प्रत्येक वाक्य ओळखीचे वाटू लागते आणि ते समाधानाने म्हणते, ‘झाला माझा धडा.’ पण वाक्य ओळखणे आणि वाक्य आठवणे यांत फार अंतर आहे. एखादा चेहरा समोर आला की आपण तो ओळखतो, मात्र तोच चेहरा कोऱ्या कागदावर काढायला सांगितला तर हात थांबतो. प्रश्नपत्रिका आपल्याला कोरा कागद देते, आणि आपण तर आठवडाभर फक्त ओळखण्याचा सराव केलेला असतो.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी प्रत्येक वर्गाला सांगत आलो आहे. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काही उतारे विद्यार्थ्यांनी दुसऱ्यांदा वाचले. काही उताऱ्यांच्या बाबतीत मात्र दुसरे वाचन नव्हते, त्याऐवजी कागद बाजूला ठेवून जेवढे आठवेल तेवढे लिहून काढायचे होते. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा दोनदा वाचलेला मजकूर अधिक आठवत होता, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. पण आठवड्यानंतर चित्र उलटले. दोनदा वाचलेल्यापैकी ४२ टक्के उरले होते, आणि एकदा वाचून एकदा आठवून लिहिलेल्यापैकी ५६ टक्के. म्हणजे वारंवार वाचल्याने त्या संध्याकाळी समाधान वाटते, आणि आठवून लिहिलेले परीक्षेच्या दिवशी हाताशी येते. याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात असेही दिसले की, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्या लक्षात राहील असा विश्वास अधिक होता आणि लक्षात राहिले होते मात्र कमी. मुलांनो, ‘मला सगळे येते’ असे मनाने सांगितले तर त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका, त्याला कोरा कागद द्या.

ही पद्धत अंगवळणी पडायला कष्ट पडतात, हे मी लपवणार नाही. धडा एकदा नीट समजून वाचावा, पुस्तक मिटावे, आणि वहीच्या मागच्या पानावर आठवेल ते लिहावे. पहिल्या वेळी चारपाच ओळींतच पेन अडते आणि वाईट वाटते. तो अडलेला क्षणच अभ्यासाचा खरा क्षण आहे. तेथे लगेच पुस्तक उघडण्याचा मोह आवरून मिनिटभर आठवण्याचा प्रयत्न करावा, मग पुस्तक उघडून राहिलेले मुद्दे वेगळ्या रंगाने लिहावेत. दोनतीन दिवसांनी पुन्हा कोरा कागद घ्यावा. वेगळ्या रंगातले मुद्दे या वेळी कमी झालेले दिसतील, आणि आपल्या प्रगतीचे हे मोजमाप कोणाच्याही शाबासकीपेक्षा अधिक विश्वासाचे असते.

दोनतीन दिवसांनी का, लगेच का नाही? जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि काही काळाने ते पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचे, असे ते प्रयोग होते. त्यांना आढळले की विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो आणि पुढे मंदावतो. एका तासानंतर पुन्हा पाठ करताना पहिल्या वेळच्या निम्म्याहून कमी वेळ वाचत होता, एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश. धड्याला अर्थ असतो, त्यामुळे तो इतक्या झपाट्याने पुसला जात नाही, पण विसरण्याची रीत तीच राहते. म्हणून एका विषयाला रविवारी सलग चार तास देण्यापेक्षा तेच चार तास दोन आठवड्यांत चार वेळा, एकेक तासाने विभागून दिले तर ते अधिक टिकतात. परीक्षेला महिना असताना वेळापत्रक करायचे ते यासाठी. वेळापत्रकात प्रत्येक विषय पुन्हा पुन्हा आला पाहिजे. रंगीत रेघांनी सजवलेले आणि प्रत्येक विषयाला एकच दिवस देणारे वेळापत्रक भिंतीवर चांगले दिसते, एवढेच.

गणिताबद्दल एक वाक्य. एकाच प्रकारची वीस उदाहरणे ओळीने सोडवण्यापेक्षा वेगवेगळ्या प्रकरणांतली उदाहरणे मिसळून सोडवावीत, कारण प्रश्नपत्रिकेत उदाहरणावर प्रकरणाचे नाव लिहिलेले नसते आणि कोणती रीत वापरायची हे ओळखणे हाच अर्धा प्रश्न असतो.

झोपेबद्दल मात्र मी पालकांशी थोडे आग्रहाने बोलणार आहे. अमेरिकन अकादमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ साली दिलेल्या शिफारशीनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. दिवसभरात वाचलेले मनात पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत चालते. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला बारापर्यंत जागवून जो एक धडा पदरात पडतो, त्याच्या बदल्यात सकाळी प्रश्न नीट वाचण्याची शक्ती जाते. हा सौदा मुलाच्या तोट्याचा आहे, आणि तो बहुधा आपण मोठी माणसे त्याच्यावर लादत असतो.

आता परीक्षेच्या खोलीत येऊ. तिथल्या अनेक नियमांमागे एकच विचार आहे: तपासणाऱ्याने उत्तर पाहावे, उत्तर लिहिणारा पाहू नये. हा विचार फार जुना आहे. चीनमध्ये राजसेवेसाठी शेकडो वर्षे लेखी परीक्षा होत असत, त्या १९०५ साली बंद झाल्या. सुंग घराण्याच्या काळात, अकराव्या शतकाच्या आरंभी, तेथे उमेदवाराचे नाव कागदाने झाकले जाई, आणि एवढ्यावर न थांबता लेखनिक बसवून प्रत्येक उत्तरपत्रिकेची नक्कल केली जाई आणि ती नक्कल परीक्षकांकडे जाई, म्हणजे हस्ताक्षरावरूनही कोणी ओळखीचा उमेदवार शोधू नये. आज आपण उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी बैठक क्रमांक लिहितो, त्यामागे हाच विचार आहे. शेवटच्या पानावर ‘कृपया पास करा’ असे लिहिणे, देवाचे नाव लिहिणे किंवा कोपऱ्यात फूल काढणे यांनाही अनेक परीक्षांत मनाई असते, कारण ती ओळखीची खूण ठरू शकते. मुले हे निष्पापपणे करतात, पण नियम सर्वांना सारखा असतो.

प्रत्येक नियमाला असे कारण शोधता येते, आणि कारण कळले की नियम लक्षात ठेवावा लागत नाही. उत्तरे पेनाने लिहायची, कारण पेन्सिलीचे लिखाण नंतर पुसून बदलता येते. लाल शाई वापरायची नाही, कारण ती तपासणाऱ्याची शाई असते आणि दोघांचे लिखाण वेगळे दिसले पाहिजे. पेपर सुरू झाल्यावर ठरावीक वेळ कोणाला बाहेर सोडत नाहीत, कारण उशिरा येणाऱ्याला त्या वेळेपर्यंत आत घेतलेले असते. बाहेर गेलेल्याने त्याला प्रश्न सांगितले तर इतर सगळ्यांवर अन्याय होतो. खोडरबर आणि पट्टी उसनी मागायची नाही, कारण तिच्यावर काही लिहिलेले नाही हे पर्यवेक्षकांनी प्रत्येक वेळी कसे पाहावे? म्हणून दोन पेने, पट्टी, कंपासपेटी, साधे घड्याळ हे आदल्या रात्रीच पिशवीत भरून ठेवावे. स्मार्ट घड्याळ आणि मोबाइल घरी ठेवावेत. बंद करून खिशात ठेवलेला मोबाइलही बहुतेक ठिकाणी नियमभंगच समजला जातो.

पुरवणीची एक गोष्ट सांगतो. एकदा उत्तरपत्रिका तपासताना गठ्ठ्याच्या तळाशी मला एक सुटी पुरवणी मिळाली. तिच्यावर बैठक क्रमांक नव्हता आणि दोरा ओवलेला नव्हता. आत तीन उत्तरे होती, नेटक्या आकृत्यांसह, आणि ती चांगली होती. मी अख्खा गठ्ठा पुन्हा चाळला, हस्ताक्षरे जुळवली, पुरवण्यांची संख्या ताडून पाहिली, आणि संध्याकाळी ती कोणाची हे सापडले. त्या मुलीने मुख्य उत्तरपत्रिकेवर पुरवणीची संख्या लिहिली होती, म्हणून सापडले. ती संख्याही तिने लिहिली नसती तर काय झाले असते, हा विचार मला पुढे कितीतरी दिवस सोडत नव्हता. तेव्हापासून पुरवणी हातात पडताच तिच्यावर आधी क्रमांक, मग उत्तर, असे मी मुलांना कानीकपाळी ओरडून सांगत आलो.

वेळेचा हिशेब घरीच करून ठेवावा. समजा, दोन तासांत ६० गुणांचा पेपर आहे. १० मिनिटे प्रश्न वाचायला आणि १० मिनिटे शेवटी तपासायला ठेवली, तर उरतात १०० मिनिटे. म्हणजे ५ गुणांच्या प्रश्नाला सुमारे ८ मिनिटे, आणि २ गुणांच्या प्रश्नाला साधारण ३. आवडीच्या प्रश्नावर दोन पाने भरणारी मुले गुणांचे आकडे पाहत नाहीत, आणि शेवटचे दोन प्रश्न हातचे घालवतात. ‘कोणतेही चार सोडवा’ या सूचनेखाली पेन्सिलीने रेघ मारण्याचा मोह होतो, पण प्रश्नपत्रिकेवर काही लिहू नये असा नियम असेल तर तीही मारू नये. सूचना दोनदा वाचावी, ते पुरेसे आहे. एखादा शब्द छापायचा राहिला असेल, पान अस्पष्ट असेल, पोटात दुखत असेल, तर शेजाऱ्याकडे न पाहता हात वर करावा. पर्यवेक्षक पहारा द्यायला असतात, तसेच मदतीलाही असतात. ज्या मुलांना दृष्टीची, हाताची किंवा वाचन-लेखनाची अडचण आहे त्यांना अधिक वेळ किंवा लेखनिक मिळण्याची तरतूद अनेक ठिकाणी असते. पालकांनी त्यासाठी शाळेकडे वेळेवर अर्ज करावा, आणि तो करताना कमीपणा मानू नये.

कॉपीविषयी मुले मला एकच प्रश्न विचारत: ‘सर, मित्राने विचारले तर नाही कसे म्हणायचे?’ हा प्रश्न खरा आहे, आणि ‘वाईट मुलांची संगत सोडा’ हे त्याचे उत्तर नव्हे. मैत्री टिकवायची तर बोलणे परीक्षेच्या आठवडाभर आधी झाले पाहिजे. मित्राला कोणता धडा येत नाही ते विचारावे, एक संध्याकाळ त्याच्याबरोबर बसावे, पुस्तक मिटून एकमेकांना प्रश्न विचारावेत. शिकवणाऱ्याचाही धडा त्यात पक्का होतो. खोलीत मात्र मान वळवायची नाही, कारण दाखवणारा आणि पाहणारा दोघेही नियमभंगात सारखेच धरले जातात. तुमच्या बाकाजवळ कोणाची चिठ्ठी येऊन पडली तर ती उचलू नका, पायाखाली लपवू नका, लगेच हात वर करा. पालकहो, आपल्याकडूनही एक गोष्ट होणे आवश्यक आहे. कमी गुणांची भीती घरात इतकी वाढू देऊ नका की, चिठ्ठीची शिक्षा त्यापेक्षा मुलाला सोपी वाटावी. माझ्या वर्गात सापडलेल्या मुलांपैकी काहींनी पहिले वाक्य हेच उच्चारले होते की, घरी सांगू नका.

शेवटची घंटा झाली की पेन खाली ठेवावे, अर्धे वाक्य अर्धेच सोडावे. बैठक क्रमांक आणि पुरवण्यांची संख्या पुन्हा पाहावी, उत्तरपत्रिका स्वतःच्या हाताने पर्यवेक्षकांकडे द्यावी, आणि सगळ्यांच्या मोजून होईपर्यंत जागेवर बसून राहावे. बाहेर आल्यावर मैदानात उत्तरे जुळवत उभे राहू नये, कारण उद्याचा पेपर वेगळ्या विषयाचा असतो आणि आजची हळहळ त्याच्या वेळेतून जाते. घरी यावे, जेवावे, थोडे पडावे. मग ज्या एका प्रश्नाने खोलीत सर्वांत जास्त अडवले, तो चुकांच्या वहीत उतरवावा आणि त्याच्यासाठी पुस्तक उघडावे. दहा मिनिटांत उत्तर सापडेल. ते स्वतःच्या शब्दांत लिहून, आजची प्रश्नपत्रिका त्याच वहीत ठेवून द्यावी आणि उद्याच्या विषयाचा कोरा कागद पुढे घ्यावा.

नमस्कार.