पावसाळ्यात घरी पाठवलेला माणूस

श्रोतेहो, नमस्कार. जून लागला की आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे खाण्यापिण्याच्या तात्पुरत्या झोपड्या, उतरतात, आणि कितीतरी लहान हॉटेलांत कामाच्या पोरांना सांगतात, "गणेशचवथ झाली की फोन करतो." चार महिन्यांचे पगार वाचले, मालक खूश.

मी फोंड्यात बसून अनेकांच्या हिशेबवह्या तपासतो. ही बचत वहीत लगेच दिसते, तिचा खर्च मात्र कुठल्याच रकान्यात सापडत नाही. ऑक्टोबरात नवा मुलगा येतो. वरच्या मजल्यावरचा गीझर कधी अडतो, दरवर्षी येणाऱ्या पुण्याच्या आजींना खालचीच खोली का लागते, त्याला कुठून ठाऊक? जुना मुलगा तोवर समोरच्या हॉटेलात लागलेला असतो. पुढच्या वर्षी आजीही तिकडेच उतरतात.

दुसरी गोष्ट पीएफची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीची. पगारातून पैसे कापायचे आणि भरायचे नाहीत, ही निव्वळ लबाडी; मी तिला अडचण म्हणत नाही. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणा झाला नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज बसतं, वर दंड वेगळा. पण ते सोडा. आता पासबुक मोबाईलवर दिसतं. एकाने दुपारी उघडून पाहिलं की संध्याकाळच्या चहापर्यंत सगळ्या स्टाफला कळतं. मग स्वयंपाकघरातलं तेल मागच्या दाराने जात असेल, तर ते मालकाच्या कानावर घालणार कोण?

जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ सालीच आठ तासांचा दिवस आला, १९२० साली भविष्यनिर्वाह निधी. देशात पीएफचा कायदा झाला १९५२ साली. (आपण तर तेव्हा पोर्तुगिजांच्याच अमलाखाली!) यावर ठरलेलं उत्तर मिळतं: "टाटांना परवडतं हो, आमची दहा खोल्यांची खाणावळ."

कबूल. सगळ्यांना चार महिने पूर्ण पगारावर ठेवणं दहा खोल्यांना जमणार नाही. पण दोघा जुन्यांना ठेवता येतं. रंगकाम, एसीची सर्व्हिसिंग त्यांच्याकडून करून घ्या, एकाला बुकिंगचं काम शिकवा. बाकीच्यांना परत बोलावण्याची तारीख लिहून द्या, आणि ती पाळा.

पटत नसेल तर येत्या सीझनला एक कोरी वही घ्या. नवा माणूस हाताशी येईपर्यंत किती दिवस गेले, किती गिऱ्हाइकांना पैसे परत करावे लागले, किती चादरी जळाल्या, सगळं मांडा. मार्चमध्ये बेरीज मारा आणि वाचलेल्या पगारांशेजारी ठेवा. नमस्कार.