शाळेला लेट, युद्धातही लेट: मांगाकार शिगेरू मिझुकी

(स्क्रीनवर: वाडग्यातला डोळा)

हे बघा. एक डोळा. त्याला हातपाय फुटलेत आणि चहाच्या वाडग्यात गरम पाणी घेऊन तो मस्त डुंबतोय. हा कितारोचा बाप. कितारो म्हणजे एका मांगाचा, म्हणजे जपानी कॉमिक्सचा, हिरो. रोगाने शरीर सडलं, पण पोराकडे बघायला कुणीतरी हवं, म्हणून एक डोळा तेवढा मागे राहिला.

हे ज्याच्या डोक्यातून आलं तो जपानचा शिगेरू मिझुकी. जन्म १९२२चा, लहानपण साकाइमिनातो या मासेमारीच्या बंदरात. शाळेला कायम लेट, कारण झोप पुरी झाल्याशिवाय उठायचं नाही! घरी एक म्हातारी यायची, नोन्नोन्बा. छताला डाग दिसला की ही सांगणार, रात्री एक भूत येऊन चाटून गेलंय. या भुताखेतांना तिकडे योकाई म्हणतात. आपले मुंजा, हडळ असतात ना, तशीच. पण यांना छत चाटण्यासारख्या ड्यूट्याही लावलेल्या.

मग दुसरं महायुद्ध. मिझुकीला राबाउलला धाडलं, म्हणजे आजच्या पापुआ न्यू गिनीत. एका पहाटे पहाऱ्यावर असताना हा दुर्बिणीतून पोपट बघत बसला. परतायला उशीर झाला, आणि तेवढ्यात छावणीवर हल्ला होऊन सोबतचे मारले गेले. जंगल तुडवत तो कसाबसा तळावर पोचला, तर वरिष्ठांचा प्रश्न काय? सगळे मेले, तू का नाही मेलास? पुढे मलेरियाने आडवा झालेला असताना बॉम्बहल्ल्यात डावा हात गेला.

म्हणजे परत आला तेव्हा चित्र काढताना कागद दाबून धरायलाही दुसरा हात नव्हता.

पोटासाठी कामीशिबाईची चित्रं काढली. कामीशिबाईवाला सायकलवर लाकडी चौकट घेऊन यायचा, एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगायचा आणि पोरांना गोळ्या विकायचा. पिंगुळीची चित्रकथी पाहिली असेल तर पटकन कळेल. ‘मिझुकी’ हे नावही तेव्हाचंच, कोबे शहरात तो चालवत असलेल्या भाड्याच्या इमारतीवरून घेतलेलं. टीव्ही आला, कामीशिबाई बसली. मग भाड्याने वाचायला देणाऱ्या दुकानांसाठी मांगा काढल्या. त्यात कष्ट ढीगभर, पैसा चिमूटभर.

नाव झालं १९६५मध्ये, ‘तेरेबी-कुन’ या मांगाला कोदान्शा या प्रकाशनसंस्थेचं बक्षीस मिळालं तेव्हा. वय ४३! १९६८मध्ये कितारो टीव्हीवर आला, पण आधी ‘स्मशानातला कितारो’ हे नाव बदलावं लागलं. जाहिरातदारांना स्मशान कसं चालणार?

माझ्या मते मात्र त्याचं सगळ्यात मोठं काम १९७३चं, ‘सोइन ग्योकुसाइ सेयो’ ही मांगा. त्यात राबाउलच्या सैनिकांना मरायचाच हुकूम सुटतो. माणसं साधी, गोलमटोल, जवळजवळ विनोदी. मागचं जंगल मात्र पान न् पान कोरलेलं. शेवटाकडे माणसंही त्या जंगलासारखीच बारकाईने रेखलेली दिसतात, पण तेव्हा ती प्रेतं झालेली असतात.

आणि झोप? तेझुका आणि इशिनोमोरी हे नावाजलेले मांगाकार रात्र-रात्र जागून कामं उपसायचे. दोघंही साठाव्या वर्षी गेले. मिझुकीने यावरही एक छोटी मांगा काढून ठेवलीय, जरा खट्याळच. तो स्वतः ९३ वर्षं जगला, २०१५पर्यंत.

आज साकाइमिनातोच्या रस्त्यावर योकाईंचे पावणेदोनशेहून जास्त ब्राँझचे पुतळे आहेत. तिकडे जाणाऱ्या लोकलच्या स्टेशनांनाही भुतांची टोपणनावं आहेत. योनागोला चढता ते कधीच आंघोळ न करणाऱ्या उंदीरमाणसाच्या स्टेशनवर, आणि शेवटी उतरता कितारोच्या.