दगडाला पाणी लागलं की निघायचं

श्रोतेहो, नमस्कार.

"वाट सरळ आहे, मोबाइलमध्ये नकाशा आहे, मग गाइड कशाला?" भिरा गावात गाडी लावून आम्ही उतरलो आणि माझ्या भाच्याने तोंड उघडलं ते हे विचारायला. टेबल मांडून बसलेल्या गावकऱ्याने हा प्रश्न सकाळपासून बऱ्याचदा ऐकला असावा. मान वर न करता त्याने वही पुढे सरकवली. नाव, गाव, फोन नंबर, माणसं किती. "गाइडशिवाय वर सोडत नाही," एवढंच म्हणाला.

परवा ऑक्टोबरात देवकुंडच्या धबधब्यावर जाऊन आले, त्याची ही गोष्ट. मी म्हणजे निवृत्त बाई, गुडघे बऱ्यापैकी शाबूत, आणि बरोबर भाचा व त्याचे चार मित्र. गाडीभर वेफर्स आणि एक स्पीकर. तो स्पीकर मी भिऱ्यातच डिकीत ठेवायला लावला, हे माझं त्या दिवसाचं पहिलं पुण्य.

देवकुंड रायगड जिल्ह्यात आहे. पुण्याहून मुळशीच्या कडेने ताम्हिणी घाट उतरायचा, विळे, पाटणूस, आणि मग भिरा. भिरा हे नाव जुन्या लोकांना वेगळ्याच कारणाने माहीत असेल. मुळा नदीचं पाणी खरं तर पूर्वेला पुण्याकडे जायचं. टाटांनी ते मुळशीला अडवलं, बोगद्यातून घाटाखाली आणलं आणि १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघरातून मुंबईला वीज जाऊ लागली. त्या धरणात ज्यांची शेतं बुडणार होती, त्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे बिरुद मिळालं ते त्याच लढ्यात. वीजघरातून सुटलेलं पाणी पुढे कुंडलिकेत जातं आणि त्याच सोडलेल्या पाण्यावर कोलाडला राफ्टिंगच्या होड्या चालतात. कोलाडला ओरडत, भिजत जाणाऱ्या पर्यटकाला पुण्याकडचं पाणी अंगावर येतंय याचा पत्ता नसतो. असो, मला देवकुंडाकडे जायचंय.

आमच्या वाट्याला आलेला गाइड पंचविशीतला. त्याचं नाव सांगत नाही, त्यानेच बजावलंय, "काकू, रेडिओवर नाव नको, पोरं चिडवतात." पायात प्लॅस्टिकचे सॅंडल, कमरेला आकडीत कोयता, खांद्यावर दोरीचं वेटोळं. आमच्या पोरांचे बूट त्याच्या सॅंडलच्या निदान दहापट किमतीचे होते, आणि पहिल्याच ओढ्यात ते सगळे बूट घसरले.

वाट खरंच सरळ आहे. सुरुवातीला एका हाताला भिऱ्याच्या जलाशयाचं पाणी, मग झाडी, मग ओढे. दोन-अडीच तासांची चाल. मोबाइलची रेंज अर्ध्या वाटेत गेली आणि नकाशावाला भाचा गप्प झाला. पण नुसती वाट सापडायला गाइड लागत नाही, हे मीही कबूल करते. ऑक्टोबरातल्या रविवारी पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत चाललं तरी पोचता येतं. गाइड कशाला लागतो ते मला कुंडाशी कळलं.

देवकुंड म्हणजे तिन्ही बाजूंनी काळा कातळ, वरून कोसळणारी एक धार आणि खाली गोल, हिरवंगार पाणी. इतकं नितळ की काठाजवळचे गोटे मोजावेत. आमची पोरं शर्ट काढायलाच लागली. गाइड मात्र बसला नाही. काठाच्या खडकाशी वाकून त्याने पाण्यापासून वीतभर अंतरावर तळहाताएवढा चपटा दगड ठेवला. दगडावर एक वाळलेलं पान, पान उडू नये म्हणून त्यावर एक खडा.

"हे काय रे?" मी विचारलं.

"घड्याळ," तो म्हणाला. "पाणी याला लागलं की निघायचं."

आकाश निळंभोर होतं. मी त्याला तसं म्हटलंही. त्याने धबधब्याच्या वर बोट दाखवलं. "इथलं आकाश बघून काय उपयोग, काकू? पाणी वरून येतं."

श्रोतेहो, ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण अपघाताचं मूळ इथे आहे. देवकुंडाच्या डोक्यावर ताम्हिणीचा डोंगर आहे. तिथल्या प्लस व्हॅली नावाच्या खोल घळीतून पाणी उतरतं ते थेट या कुंडात. ताम्हिणी म्हणजे काय पाऊस, तर २०२४ च्या जुलैत एका दिवसात तिथे ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुण्यात वर्षभरात पडतो त्याच्या निम्म्याहून जास्त, म्हणाल तर चालेल. वर अशी एक सर येऊन गेली की खाली उन्हात पाय सोडून बसलेल्या माणसाला ती दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, कारण धबधब्याचा आवाज आधीच कान भरून असतो. पाणी चढतं तेव्हा परतीच्या वाटेवरचे ओढेही चढलेले असतात.

आणि कुंडातलं पाणी दिसतं तसं नसतं. जिथे धार पडते तिथे ती माणसाला खाली दाबते. त्या फेसात हवा इतकी मिसळलेली असते की अंग नेहमीसारखं तरंगतच नाही. विहिरीत सूर मारणारे पट्टीचे पोहणारे अशा जागी बुडतात, ते याच कारणाने. आमच्या गाइडने एक खडक दाखवून सांगितलं, याच्यापुढे लाइफ जॅकेट असलं तरी नाही. जॅकेट घालून पोरं केशरी भोपळ्यांसारखी दिसत होती आणि फोटो खराब येतात म्हणून कुरकुरत होती.

आता गाइडच्या सक्तीबद्दल. भिऱ्यासारख्या गावांत ही सक्ती हौसेने आलेली नाही. माणसं बुडायची, मग तीच गावकरी पोरं पाण्यात उतरून प्रेतं काढायची. आता जिल्हा प्रशासन पावसाळ्यात अशा धबधब्यांवर मनाई आदेश काढतं. ही मनाई सोसायची आपली तयारी नसते. धबधबा पावसाळ्यातच बघायचा, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. २०२४ च्या जूनअखेरीस लोणावळ्याला भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्याच सुमारास ताम्हिणीच्या पाण्यात उडी मारलेला एक जण गेला. पंधरवड्याने माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्याशी रील काढताना एक तरुणी दरीत पडली. हे सगळं टीव्हीवर बघून आपण हळहळलो आणि पुढच्या रविवारी घाटात पुन्हा रांग लागली.

गोव्याने दूधसागरला थोडा वेगळा रस्ता धरला आहे. कुळ्याहून अभयारण्यात आपली गाडी नेता येत नाही, तिथल्याच जीपने जायचं, अंगात जॅकेट घालायचं, आणि पावसाळ्यात जीपही बंद. मग हौशी लोक रेल्वेरुळांवरून चालत जातात. २०२३ च्या जुलैत रेल्वे पोलिसांनी अशा एका घोळक्याला रुळाशेजारीच उठाबशा काढायला लावल्या. ती चित्रफीत बघून मी हसले, खोटं कशाला बोलू? पण एवढ्या मोठ्या माणसांना शाळेतली शिक्षा द्यावी लागते, याचं वाईटही वाटलं.

सक्तीची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई गावाकडून पैसे घेऊन आली. दुसऱ्या एका धबधब्यावर, नाव घेत नाही, आमच्याकडून गाइडचे पैसे घेतले, पावती दिली नाही, आणि तो गाइड पहिल्या वळणावर झाडाखाली बसला. "सरळ जा, येताना हाक मारा." ही निव्वळ जकात. अशा सक्तीने लोकांचा सगळ्याच सक्तीवरचा विश्वास उडतो. म्हणून जाल तिथे पावती मागा, एका गाइडमागे किती माणसं आहेत ते विचारा. आणि तो कुंडापर्यंत आणि परत येणार आहे ना, हे निघण्याआधीच स्पष्ट करून घ्या. भाव करायचाच तर तो गावात करा, पाण्याच्या काठावर नको.

हां, तर आमचा दगड.

अर्धा-पाऊण तास झाला असेल. मी खडकावर बसून संत्रं सोलत होते. आधी रंग बदलला. हिरव्या पाण्यात एका कडेने गढूळ पट्टा आला, चहात दूध ओततो तसा. मग वाळकी पानं, काटक्या. मी दगडाकडे बघितलं. पान ओलं झालं होतं. मी तोंड उघडायच्या आत शिट्टी वाजली.

"पाच मिनिटं, दादा!"

"चला."

"अरे, आत्ताच तर आलोय. पैसे भरलेत आम्ही."

तो वाद घालत बसला नाही. सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्या पोराची सॅक त्याने उचलली, खांद्याला अडकवली आणि चालू लागला. गाडीची किल्ली त्या सॅकमध्ये होती. दोन मिनिटांत सगळे पाण्याबाहेर.

जाताना ज्या ओढ्यात घोटे भिजले होते, तिथे परतताना पाणी मांडीपर्यंत आलं होतं. त्याने दोरी झाडाला बांधली, दुसरं टोक पलीकडे नेलं आणि स्वतः मधोमध उभा राहिला. "एकेकाने या. पाय उचलू नका, सरकवा. दगडावर नाही, दगडांच्या मध्ये." माझं मनगट त्याने असं धरलं होतं की दुसऱ्या दिवशीही त्याच्या बोटांचे ठसे होते. आकाश तेव्हाही निळंच होतं. मागून येणाऱ्या दोन घोळक्यांना त्यांच्या गाइडांनी तसंच पार केलं. नकाशाची आठवण कुणी काढली नाही.

गावात एका घराच्या पडवीत जेवलो. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, चुलीवरचा भात. पोरं तिसऱ्या भाकरीपर्यंत बोललीच नाहीत. मग भाच्याने गाइडला विचारलं, पुढच्या रविवारी ऑफिसातल्या मित्रांना आणू का.

"आदल्या दिवशी फोन करा," तो म्हणाला. "मी नको म्हटलं तर येऊ नका."

शनिवारी संध्याकाळी भाच्याने माझ्यासमोरच फोन लावला. स्पीकरवर मागे पावसाचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. पलीकडून उत्तर आलं, "नको." भाच्याने कारण विचारलं नाही. रविवारी सकाळी त्याचे सात मित्र आमच्याकडे मिसळ खायला आले आणि पाव कमी पडले.

नमस्कार.