मागे कोण बसलंय?

मंडळी, आपल्याकडे ॲम्ब्युलन्सचं लोकार्पण म्हणजे बॉनेटवर हार, नारळ आणि पुढाऱ्याच्या हातात हिरवा झेंडा. गाडी किती लाखांची, हे भाषणात हमखास येतं. मागे कोण बसणार, त्याला येतं काय आणि करू देणार काय, हे मात्र कुणी विचारत नाही. नॅन्सी कॅरोलिन नावाच्या अमेरिकन डॉक्टरबाईंची निम्मी कारकीर्द याच प्रश्नात गेली.

साठच्या दशकातलं पिट्सबर्ग बघा. माणूस रस्त्यात कोसळला की पोलिसांची व्हॅन यायची. नाहीतर प्रेतं नेणाऱ्यांची गाडी, कारण माणूस आडवा मावेल अशी गाडी त्यांच्याकडे असे! व्हॅनमध्ये कापडी स्ट्रेचर, दोन्ही पोलीस पुढे, रुग्ण मागे एकटा. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत तर तीही वेळेवर येईल याचा भरवसा नसे.

तोंडाने श्वास देण्याची पद्धत रुजवणारे डॉ. पीटर साफर याच शहरात होते. १९६६ साली त्यांची मुलगी दम्याच्या झटक्यात गेली. पुढच्याच वर्षी ‘फ्रीडम हाऊस’ ही ॲम्ब्युलन्स सेवा उभी राहिली. हिल डिस्ट्रिक्टमधलीच बेकार माणसं निवडून त्यांना सुमारे ३०० तासांचं शिक्षण दिलं गेलं. काहींची तर शाळाही अर्धवट सुटलेली.

साफर यांच्याकडे अतिदक्षता शिकायला आलेल्या कॅरोलिनबाईंकडे सत्तरच्या दशकात या सेवेची वैद्यकीय जबाबदारी आली. त्या खुर्चीत बसून राहिल्या नाहीत, गाडीतून हिंडल्या. लॅरिंगोस्कोपने, म्हणजे घशात बघायच्या दिव्याच्या उपकरणाने, जीभ उचलायची, स्वरतंतू दिसले की मधून श्वासाची नळी सरकवायची. ती अन्ननलिकेत गेली तर पोट फुगतं, छाती हलत नाही, आणि हातात मिनिटं उरलेली असतात. हे काम डॉक्टरांचं, तेही इस्पितळातलं, असं तेव्हा धरून चालत. ही माणसं ते रस्त्यावर करू लागली.

या अनुभवावर बाईंनी पॅरामेडिकसाठी, म्हणजे गाडीतच उपचार करणाऱ्या प्रशिक्षित माणसांसाठी, राष्ट्रीय अभ्यासक्रम तयार केला. तो हवा होता अमेरिकेच्या वाहतूक खात्याला. तिथे अपघात हा रस्त्यांचा विषय! १९७९ साली त्यांचं पाठ्यपुस्तकही आलं. पण ज्यांच्या हातांवर हे सगळं सिद्ध झालं, त्यांचं काय? १९७५ साली पालिकेने स्वतःची सेवा काढली, फ्रीडम हाऊस बंद पडलं. जुन्या माणसांना घ्या, असा आग्रह बाईंनी धरला. घेतलंही. मग परीक्षा आणि नियम आडवे आले, आणि बरेचसे गळाले. धोरण पुढे गेलं, माणसं मागे राहिली. मला हा भाग फार बोचतो.

पुढे इस्रायलमध्ये ‘मागेन दाविद आदोम’ या तिथल्या ॲम्ब्युलन्स सेवेच्या वैद्यकीय प्रमुख म्हणून त्यांनी तिथलं प्रशिक्षण बसवलं, मग केनियात आफ्रिकेतल्या ‘उडत्या डॉक्टरां’सोबत, म्हणजे विमानाने दुर्गम भागात जाणाऱ्या डॉक्टरांसोबत, काम केलं. २००२ साली त्या गेल्या.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ धावते आणि आपण गाडीत डॉक्टर बसवतो. लोकांना त्याने धीर येतो, हे खरंच. पण डॉक्टर ग्रामीण रुग्णालयातच पुरत नाहीत, तर गाडीत कुठून पुरणार? २०२१च्या केंद्रीय कायद्याने पॅरामेडिकसारख्या सहायक व्यवसायांना चौकट दिली आहे. त्यांच्या हातात लॅरिंगोस्कोप द्यायचा की नुसती फाइल, हे आता राज्याने ठरवावं, आणि ठरवताना समितीत निदान एक तरी रात्रपाळीवाला बसवावा.